स्नायूंचा सहजताण

हायस्कुलांतील विज्ञानाच्या खोलींत टांगलेला मनुष्याचा सांगाडा आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. तो सांगाडा आपल्या पायांवर उभा नसतो. त्याच्या कवटीला एक आंकडा बसविलेला असतो व त्या आंकड्यानें तो लोखंडी दांड्याला अडकविलेला असतो. हाडें तारांनीं एकमेकांस जोडलेलीं असलीं तरी आंकडा काढतांच सारा सांगाडा दुमडून जमिनीवर बसेल. आतां हींच हाडें, याच क्रमानें एकावर एक रचलेलीं, तुमच्या-माझ्या शरीरांत आहेत, आणि आपल्या डोक्याला तर कोणताहि आंकडा नाहीं. मग आपण उभे राहतों तें कशाच्या आधारावर?

'स्नायूंच्या बळावर' असें उत्तर बहुतेक लोक देतील. तें चुकीचें नाहीं. परंतु अपुरें आहे. पाण्यानें भरलेली घागर उचलतांना किंवा लोहगडाच्या पायऱ्या चढतांना आपण बळ लावतों. तें लावीत आहों हें आपणांस कळतें, आणि थोड्या वेळानें आपण थकतोंहि. परंतु ओसरीवर बसून गप्पा मारणाऱ्या गृहस्थास आपण मान सांवरून धरण्याचें काम करीत आहों असें कधीं वाटतें काय? तासभर गप्पा झाल्या तरी त्याची मान थकत नाहीं. तरीहि ती मान धरून ठेवण्याचें काम अखंड चाललेलें असतें, कारण तें थांबतांच काय होतें हें आपण पुढें पाहणारच आहों. मनुष्याच्या नकळत व बहुधा त्याला न थकवितां चालणारा स्नायूंचा हा जो व्यापार, त्यास शास्त्रीय परिभाषेंत स्नायुतान म्हणतात. मी आज त्याला 'सहजताण' असें घरगुती नांव देणार आहें.

ताण हा शब्द येथें फार समर्पक आहे. ग्रीक वैद्य गेलन यानें इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत स्नायूंच्या या व्यापाराचा विचार केला होता. त्याच्या भाषेंतील 'टोनॉस' हा शब्द आणि आपले 'तान', 'तंतु', 'तंत्र' हे शब्द एकाच कुळांतले आहेत. ताणणें हाच त्या सर्वांचा मूळ अर्थ. तंबोऱ्याची जुळविलेली तार डोळ्यांपुढें आणा. तिला कोणी छेडीत नसतांनाहि ती ताणलेली असते. ती सैल असेल तर छेडूनहि सूर निघणार नाहीं, आणि फाजील ताणली तर तुटेल. निरोगी स्नायूचेंहि तसेंच आहे. तो काम करीत नसतांनाहि अगदीं लुळा पडलेला नसतो, त्याच्यांत थोडा ताण शिल्लक असतो. म्हणूनच हालचालीची आज्ञा येतांच तो तत्काल कामास लागतो. झोल पडलेल्या दोरीनें गाडी ओढावयाची झाली तर आधीं झोल काढण्यांत वेळ जातो. तसा वेळ आपल्या शरीरांत जात नाहीं.

हा ताण दोन ठिकाणांहून येतो. पहिलें ठिकाण म्हणजे स्नायूचें स्वतःचें द्रव्य. स्नायूच्या सूक्ष्म तंतूंत टायटिन नांवाचें एक प्रथिन असतें. तें स्प्रिंगेप्रमाणें ताणलें जातें व पुनः पूर्ववत् होतें. त्याच्या जोडीला स्नायूभोंवतीचीं लवचीक आवरणें असतात. निरोगी मनुष्य अगदीं शांत पडला असतां त्याच्या हातापायांच्या स्नायूंत विद्युत्‌मापकाच्या सुया ठेवून पाहिल्या तर यंत्र जवळजवळ मूक राहतें, हें विसाव्या शतकाच्या मध्यास झालेल्या प्रयोगांनीं सिद्ध झालें आहे. अर्थात् पूर्ण विश्रांतींत जो ताण हाताला जाणवतो तो मुख्यतः या लवचीकपणाचा असतो. परंतु मनुष्य उठून बसला किंवा उभा राहिला कीं दुसरें ठिकाण जागें होतें, आणि तें म्हणजे मज्जासंस्था.

मज्जासंस्थेची ही व्यवस्था मोठी कौतुकाची आहे. प्रत्येक मोठ्या स्नायूच्या पोटांत कांहीं मिलिमीटर लांबीचीं, चरख्याच्या चातीसारखीं मध्यें फुगीर व टोकांना निमुळतीं अशीं इंद्रियें विखुरलेलीं असतात. स्नायु किती ताणला गेला आहे आणि किती वेगानें ताणला जात आहे, या दोन गोष्टींची बातमी या चात्या मज्जातंतूंच्या द्वारें पृष्ठरज्जूकडे पाठवितात. बातमी पोंचतांच तेथूनच, वर मेंदूची आज्ञा न विचारतां, त्याच स्नायूला आंखडण्याचा हुकूम सुटतो. डॉक्टर गुडघ्याच्या वाटीखालीं रबरी हातोडीनें टिचकी मारतात आणि पाय आपोआप उडतो, तो याच मार्गानें. टिचकीनें मांडीचा स्नायु क्षणमात्र ताणला जातो व लगेच उलट उत्तर देतो. जर्मनींतील एर्ब व वेस्टफाल या दोघां वैद्यांनीं ही खूण १८७५ सालीं स्वतंत्रपणें प्रसिद्ध केली. पुढें इंग्लंडांत चार्ल्स शेरिंग्टन यांनीं आपले सहकारी लिडेल यांच्यासह १९२४ सालीं या ताण-प्रतिक्रियेचें सविस्तर विवेचन केलें. मज्जासंस्थेवरील कार्याबद्दल १९३२ सालीं शेरिंग्टन यांस एड्रियन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळालें.

पृष्ठरज्जु हुकूम सोडते खरी, परंतु तो किती जोराचा असावा हें ठरविणारे अधिकारी वर बसलेले असतात. मोठा मेंदू, लहान मेंदू, मेंदूचा देंठ व आंतल्या कानांतील तोल सांभाळणारें इंद्रिय हीं सर्व मिळून त्या चात्यांची संवेदनक्षमता कमीजास्त करीत असतात. तंबोऱ्याच्या खुंट्या पिळून तार चढवावी किंवा उतरवावी, तसाच हा प्रकार. चात्यांकडे जाणारे बारीक मज्जातंतु म्हणजे जणूं त्या खुंट्याच होत. मनुष्य भयभीत झाला, चिंतेंत पडला किंवा थंडीनें काकडला म्हणजे खुंट्या चढतात. खांदे कानांपर्यंत वर येतात, दांत आवळले जातात, कपाळ व मान दुखूं लागते. गाढ झोंपेंत खुंट्या उतरतात. स्वप्नें पडण्याच्या निद्रावस्थेंत तर डोळे हलविणारे व श्वास चालविणारे स्नायु सोडून बहुतेक सर्व स्नायूंचा ताण जवळजवळ नाहींसा होतो. ही योजना नसती तर स्वप्नांत धांवणारा मनुष्य खरोखरच अंथरूण सोडून धांवत सुटला असता.

आतां हा सहजताण शरीराला आधार कसा देतो तें पाहूं. त्यासाठीं आमच्या पुणें-लोणावळें लोकलगाडीसारखी प्रयोगशाळा दुसरी नाहीं. गाडींत उभ्यानें प्रवास करणाऱ्या मनुष्याकडे पाहा. कान्हें सोडून गाडी वडगांवाच्या फलाटाला लागतांना वेग कमी करते, तसें त्याचें अंग पुढें झुकतें. झुकतांच पोटरीचे स्नायु ताणले जातात, त्यांतील चात्या बातमी देतात, पोटरी आवळली जाते आणि अंग मागें खेंचलें जातें. हातांतील वर्तमानपत्रावरून त्या गृहस्थाचें लक्षहि हललेलें नसतें. गाडी स्थिर असली तरी हाच खेळ बारीक प्रमाणांत चालू असतो. ताठ उभ्या असलेल्या मनुष्याच्या गुरुत्वमध्यांतून काढलेली लंबरेषा घोट्याच्या सांध्यावर पडत नाहीं. ती त्याच्या पुढें कांहीं सेंटिमीटर पडते. म्हणजे आपण सदैव पुढें पडण्याच्या बेतांत असतों. पोटरींतील सोलियस नांवाचा खोल स्नायु आपल्याला क्षणोक्षणीं मागें ओढीत असतो. तळहातावर काठी उभी तोलून धरणारा मुलगा जसा हात सतत हलवितो, तसें आपलें शरीर उभें असतांना सतत किंचित् डोलत असतें. कवाईतीच्या मैदानावरील 'स्थिर' उभा शिपाईहि याला अपवाद नाहीं.

हें काम दिवसभर करूनहि सोलियस स्नायु सहसा थकत नाहीं, कारण त्याचे बहुतेक तंतु मंदगति जातीचे असतात. ते सावकाश आंखडतात, थोड्या इंधनावर चालतात आणि दीर्घकाळ टिकतात. धांवण्याच्या शर्यतींत उपयोगी पडणारे शीघ्रगति तंतु याच्या उलट, जोरदार परंतु लवकर दमणारे असतात. मान व पाठ यांचे खोल स्नायूहि टिकाऊ जातीच्या तंतूंनीं समृद्ध असतात.

त्याच लोकलगाडींत बसल्या जागीं पेंगणारा प्रवासी दुसरा धडा शिकवितो. आपलें डोकें सुमारें पांच किलोग्रॅम वजनाचें असून त्याचा भार मानेच्या टेंकूच्या किंचित् पुढें पडतो. म्हणून मानेच्या मागील स्नायूंना तें सतत मागें खेंचून ठेवावें लागतें. डोळा लागूं लागतांच त्यांचा ताण उतरतो, डोकें छातीवर पडतें, त्या हिसक्यानें ताणल्या गेलेल्या चात्या आरोळी देतात आणि प्रवासी दचकून जागा होतो. सहजताण गेला म्हणजे काय होतें असा प्रश्न मघाशीं उपस्थित केला होता, त्याचें उत्तर हें पेंगणारें डोकें देत असतें. त्याचें तोंडहि उघडें पडतें, कारण खालचा जबडाहि स्नायूंच्या ताणावरच मिटलेला असतो. घशाच्या स्नायूंचा ताण उतरल्यानें श्वासाची वाट अरुंद होते व घोरणें सुरू होतें. घरांतील एखादें माणूस बेशुद्ध पडून उताणें असेल, तर जीभ मागें पडून हीच वाट पुरती बंद होण्याचा धोका असतो. श्वास नीट चालू असेल आणि मानेला दुखापत झाल्याचा संशय नसेल, तर अशा माणसाला कुशीवर वळवून ठेवावें असें प्रथमोपचाराचें शिक्षण देणारे सांगतात, त्याचें कारण हेंच आहे.

शरीर सर्वच भार स्नायूंवर टाकीत नाहीं, हेंहि लक्षांत घेतलें पाहिजे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत एक सुंदर दृष्टांत आहे. फळ्या बंधनांनीं पक्क्या आवळल्या म्हणजे नाव जशी पाण्यावर भार वाहण्यास समर्थ होते, तसें सांध्यांच्या ठिकाणीं अनेक बंधनांनीं बांधलेलें शरीर भार सहन करितें, असा त्याचा आशय आहे. उभें राहतांना गुडघा व कंबर यांचे सांधे आपण अशा रीतीनें ठेवतों कीं पुष्कळसा भार अस्थिबंधच पेलतात व स्नायूंचा खर्च वांचतो. घोड्याच्या पायांत तर अस्थिबंधांची अशी खास योजना आहे कीं तो उभ्यानेंहि डुलकी घेऊं शकतो.

या काटकसरीची दुसरी बाजू आमच्या मावळांत दर पावसाळ्यांत दिसते. ज्या इंद्रायणी तांदळाचें वाण आमच्या वडगांवच्याच भात संशोधन केंद्रांत तयार झालें, त्याची लावणी सुरू झाली म्हणजे बायाबापड्या गुडघाभर चिखलांत तासन्‌तास वांकून रोपें लावीत असतात. वांकलेल्या माणसाच्या पाठीचे स्नायु सारा वेळ राबत असतील असें पाहणाऱ्यास वाटतें. परंतु फ्लॉइड व सिल्व्हर या इंग्रज संशोधकांनीं १९५५ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असें दिसून आलें कीं, मनुष्य पूर्ण वांकला म्हणजे कण्यालगतचे उभे स्नायु एका मर्यादेनंतर मूक होतात व भार कण्याच्या मागील अस्थिबंधांवर जातो. स्नायूंना विश्रांति मिळते हें खरें. पण बराच वेळ ताणून राहिलेले अस्थिबंध तात्पुरते सैल पडतात, आणि त्यांच्यांतून निघणारी सावधगिरीची सूचनाहि मंदावते. म्हणून लावणीहून उठतांच लगेच तांदळाचें पोतें उचलणें, किंवा शहरांत चार तास टेबलावर ओणवें बसून उठतांच जड कपाट सरकविणें, हें पाठीला घातक ठरूं शकतें. उठल्यावर थोडा वेळ सरळ उभें राहावें, चार पावलें चालावें व मग ओझ्याला हात घालावा. शेतांतल्या बायका मधून मधून कमरेवर हात ठेवून उभ्या राहतात, त्यास कोणी आळस म्हणूं नये. तो पाठीचा शहाणपणा आहे.

गुरुत्वाकर्षणाशीं झगडण्याकरितांच हा सर्व प्रपंच असेल, तर गुरुत्वाचा भार जाणवत नाहीं तेथें काय घडत असेल? भारताचे राकेश शर्मा १९८४ च्या एप्रिलमध्यें सोव्हिएत अंतराळवीरांबरोबर सल्यूत-७ या अवकाशस्थानकावर गेले होते, तेव्हां वजनरहित अवस्थेवर योगाभ्यासाचा कांहीं उपयोग होतो काय, हें पाहण्याकरितां त्यांनीं तेथें योगासनें केलीं. अशा अवस्थेंत सैल सोडलेलें शरीर ताठ राहत नाहीं. कंबर व गुडघे किंचित् वांकून, हात पुढें तरंगत, पोहणाऱ्यासारखी एक ठेवण तें आपोआप घेतें. तेथें दीर्घकाळ राहणाऱ्यांच्या पोटऱ्या, मांड्या व पाठ यांचे स्नायु झपाट्यानें झिजतात. म्हणून अंतराळवीरांना रोज व्यायाम करावाच लागतो. ज्या स्नायूंनीं जन्मभर पृथ्वीच्या ओढीला उत्तर दिलें, त्यांना प्रश्नच विचारला गेला नाहीं म्हणजे ते उत्तर द्यावयाचें विसरतात. महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या पायांची जी दशा होते, ती याच जातीची होय.

श्रोतेहो, या विषयाचा एक महत्त्वाचा अध्याय आमच्या मावळ तालुक्यांतच लिहिला गेला, हें मी अभिमानानें सांगतों. जगन्नाथ गणेश गुणे म्हणजेच स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६) हे बडोद्यास राजरत्न माणिकरावांपाशीं व्यायामविद्या शिकले, नर्मदातीरीं मालसर येथील परमहंस माधवदासजींपाशीं त्यांनीं योगाचें अध्ययन केलें, आणि अमळनेरास ते शिक्षक होते. माझ्यासारख्या शाळामास्तराला यांतील शेवटची गोष्ट विशेष आवडते. १९२४ सालीं, म्हणजे ज्या वर्षीं इंग्लंडांत शेरिंग्टन यांचा ताण-प्रतिक्रियेवरील निबंध प्रसिद्ध झाला त्याच वर्षीं, त्यांनीं लोणावळ्यास कैवल्यधाम ही संस्था स्थापिली व 'योगमीमांसा' हें नियतकालिक सुरू केलें. योगक्रियांविषयीं ऐकीव गोष्टींवर विसंबून न राहतां त्या क्ष-किरण व दाबमापक यांच्यापुढें उभ्या कराव्या, हा त्यांचा बाणा होता. नौलि ही क्रिया करतांना पोटाच्या मध्यभागचे दोन उभे स्नायु आवळले जातात व बाजूचे सैल राहतात. त्या वेळीं मोठ्या आंतड्यांतील दाब बाहेरील हवेच्या दाबापेक्षां कमी होतो, असें त्यांनीं मोजून दाखविलें, आणि त्या निर्वाताला आपल्या गुरूंचें, माधवदासजींचें, नांव दिलें. पोटाच्या ज्या भिंतीचा ताण तुम्ही-आम्ही जन्मभर निसर्गावर सोंपवून देतों, तिच्या एकेका स्नायूवर अभ्यासानें इतका सूक्ष्म ताबा मिळूं शकतो, हें त्यावरून सिद्ध झालें.

पुढें १९६३ सालीं डॉ. विनेकर यांच्यासह लिहिलेल्या योगचिकित्सेवरील इंग्रजी ग्रंथांत त्यांनीं आसनांचा संबंध स्नायूंच्या बळापेक्षां शरीराच्या ठेवणीशीं व तिच्या मुळाशीं असलेल्या सहजताणाशीं जोडला. पतंजलींनीं आसनासाठीं स्थैर्य व सुख या दोन अटी घातल्या आहेत. चात्यांचा धर्म लक्षांत घेतला म्हणजे या अटींचें मर्म उलगडतें. हिसका दिला कीं चात्या वेगाची बातमी देतात आणि स्नायु उलट आवळतो; सावकाश ताणला कीं त्या शांत राहतात आणि स्नायु हळूहळू सैल होऊं देतो. म्हणून आसन झटक्यानें करूं नये, जेथें सुख संपतें तेथें थांबावें व श्वास मोकळा ठेवावा. शवासनांत तर सर्व खुंट्या उतरविण्याचाच अभ्यास असतो. तथापि योगासनांनीं लुळा हात बरा होतो असें कोणी सांगूं लागला तर त्यावर विश्वास ठेवूं नये. तें काम वैद्यांचें व भौतिकोपचार-तज्ज्ञांचें आहे.

येथें दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. पहिला असा कीं, पीळदार शरीर म्हणजे उत्तम सहजताण. आजकालच्या व्यायामशाळांतून 'टोन' हा शब्द दंड-छातीच्या दिसण्यासाठीं वापरतात. त्याचा या शास्त्रीय ताणाशीं फारसा संबंध नाहीं. बारीक चणीची आजीबाई पाटावरून हात न टेकतां उठत असेल, तर तिची ही व्यवस्था चोख आहे असें समजावें. दुसरा गैरसमज शाळांतला. 'ताठ बस' हें वाक्य आम्हां शिक्षकांच्या तोंडीं नेहमीं असतें. परंतु कोणतीहि एकच बैठक तासन्‌तास धरून ठेवणें शरीराला मानवत नाहीं. मुलांनीं व मोठ्यांनींहि अर्ध्या तासानें उठावें, हात-पाय मोकळे करावे व बैठक बदलावी. यांत ताठपणापेक्षां अधिक हित आहे. आणि एखादा मुलगा वारंवार बाकावर कोपर टेकून रेलत असेल, लवकर दमत असेल, वरचेवर पडत असेल, तर त्याला आळशी ठरविण्यापूर्वीं एकदां डॉक्टरांकडून तपासून घ्यावें.

आतां कुटुंबवत्सल श्रोत्यांसाठीं अत्यंत महत्त्वाचा भाग. बाळ जन्मास येतांच डॉक्टर त्याच्या पांच गोष्टी पाहून प्रत्येकीला शून्य ते दोन गुण देतात. व्हर्जिनिया ॲपगार या अमेरिकन विदुषीनें १९५३ सालीं प्रसिद्ध केलेल्या या परीक्षेंत स्नायूंचा ताण ही एक गोष्ट आहे. निरोगी नवजात बालक हातपाय दुमडून मुठी मिटून असतें. तें कापसाच्या बाहुलीसारखें लुळें पडलें असेल, कांखेंत हात घालून उचलतांना हातांतून निसटूं पाहत असेल, त्याचें रडणें क्षीण असेल, दूध ओढतांना तें दमत असेल, तर तीं गंभीर लक्षणें होत. दुर्दैवानें पुष्कळ घरांत अशा बाळाची 'किती शांत, किती गुणी' म्हणून स्तुति होते, किंवा 'हाडें सैल आहेत, मालीश करा' असा सल्ला मिळतो. मालिशीनें अपाय होत नसला तरी वेळ जातो, आणि कांहीं कारणांत वेळच अमोल असतो. उदाहरणार्थ, जन्मतः थायरॉइड ग्रंथीचा रस कमी असला तर बाळ असें ढिलें असतें. पहिल्या कांहीं आठवड्यांतच औषध सुरू झालें तर त्याची वाढ व बुद्धि बहुधा सुरक्षित राहते; उशीर झाला तर झालेली हानि भरून निघत नाहीं. चार महिने संपूनहि मान न धरणारें, किंवा नऊ महिने होऊनहि आधाराशिवाय न बसणारें मूल बालरोगतज्ज्ञास दाखवावें. त्यांत कोणताहि कमीपणा नाहीं.

चांगल्या खेळत्या मुलाचा हात किंवा पाय एकाएकीं लुळा पडला तर तीहि निकडीची गोष्ट आहे. भारतांत पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्यें हावड्यास आढळला व २०१४ सालीं देश पोलिओमुक्त ठरला. परंतु पंधरा वर्षांखालील प्रत्येक मुलाच्या अशा अचानक लुळेपणाची नोंद व तपासणी करण्याचा दंडक त्यानंतरहि ठेवण्यांत आला, आणि तो मोडूं नये यांत आपलें सर्वांचें हित आहे.

वृद्धांच्या बाबतींत अर्धांगवायूकडे लक्ष वेधतों. तोंडाची एक बाजू ओघळली, एक हात वर धरला असतां खालीं येऊं लागला, बोलणें अडखळूं लागलें, तर 'झोंपेंत अवघडलें असेल' म्हणून सकाळची वाट पाहूं नये. रक्ताची गुठळी अडकल्यानें असें झालें असेल तर ती विरघळविणारें औषध साधारण साडेचार तासांच्या आंत द्यावें लागतें. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि मेंदूची तपासणी होऊं शकेल अशा मोठ्या रुग्णालयाचा रस्ता धरावा. यानंतरचा क्रमहि घरच्यांनीं समजून घेतला पाहिजे. आरंभीं हात-पाय बहुधा लुळे असतात. कांहीं आठवड्यांनीं वरच्या अधिकाऱ्यांचा ताबा सुटलेली पृष्ठरज्जु आपल्याच मर्जीनें हुकूम सोडूं लागते आणि तोच हात कोपरांत वांकून, मूठ वळून ताठर होतो. ताठरलेला हात पाहून 'शक्ति परत आली' असें समजणें चुकीचें आहे. मायेपोटीं तो जोरानें सरळ ओढणें त्याहून चुकीचें, कारण जितका वेग अधिक तितका स्नायु अधिक आवळतो. आसनांना लागू असलेला नियम येथेंहि लागू आहे. हात हळू, धीरानें, तज्ज्ञानें दाखविलेल्या रीतीनेंच सरळ करावा.

ज्यांना असा कांहीं विकार नाहीं त्या साठी उलटलेल्या श्रोत्यांना, मी त्यांच्यांतलाच एक म्हणून, दोन गोष्टी सुचवितों. खुर्चीवरून हातांचा आधार न घेतां उठण्याबसण्याचा दहा वेळां अभ्यास रोज करावा; आणि भिंतीजवळ, वेळ पडल्यास हात टेकतां येईल अशा जागीं, एका पायावर थोडा वेळ उभें राहण्याचा सराव ठेवावा. ताप किंवा शस्त्रक्रिया यांमुळें अंथरूण धरावें लागलें तर डॉक्टर परवानगी देतांच उठून बसावें. घरच्या मंडळींनींहि 'तुम्ही पडूनच राहा, आम्ही सर्व हातांत देतों' असा सेवेचा अतिरेक करूं नये. आठ दिवसांच्या पडून राहण्यानें म्हाताऱ्या पायांतून जें जातें तें मिळविण्यास पुढें कित्येक आठवडे लागतात, आणि तेवढ्यांत एखादें पडणें कंबरेचें हाड मोडून जातें.

सहजताण ही अशी चाकरी आहे कीं जी चालू असते तोंवर तिची आठवण होत नाहीं. तिला वेतन द्यावें लागत नाहीं. मागते तें एवढेंच कीं, तिला रोज थोडें काम द्यावें, रात्रीं पुरती झोंप द्यावी, आणि ती कोठें ढिली किंवा ताठर पडलेली दिसली तर तिच्याकडे वेळीं लक्ष द्यावें. तेवढें आपल्या घरांतून झालें तर माझ्या या बोलण्याचें सार्थक झालें असें मी मानीन.